भजनाची वही की पाठांतर?

भजनी मंडळांतील काही वाद त्या त्या दिवसापुरते का होईना, मिटतात. पेटीचा स्वर काळी एक धरावा की काळी दोन, गवळणीला किती वेळ द्यावा, पुढच्या एकादशीचे भजन कोणाकडे, यावर काहीतरी तोडगा निघतो. भजन वही समोर ठेवून म्हणावे की पाठ म्हणावे, हा प्रश्न मात्र पिढ्यान्‌पिढ्या तसाच उभा आहे. वही पाहून गाणे म्हणजे भजन नव्हे, वाचन होय, असे एका बाजूचे म्हणणे. पाठांतराचा आग्रह धरला तर नवीन माणूस मंडळात टिकणारच नाही आणि तेच वीस-पंचवीस अभंग फिरून फिरून म्हणावे लागतील, असे दुसऱ्या बाजूचे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र वाद बहुधा पुस्तक विरुद्ध स्मरणशक्ती असा मांडला जातो आणि तेथेच तो फसतो. वारकरी परंपरेत पुस्तक आणि पाठांतर ही दोन्ही आरंभापासून शेजारी शेजारी नांदत आली आहेत. वही कोणाच्या हाती असावी, आणि नेमकी कोणत्या क्षणी मिटावी, हा खरा प्रश्न आहे.

टाळकऱ्याला तिसरा हात नसतो

पाठांतराचा आग्रह केवळ श्रद्धेतून आलेला नाही, त्याला अगदी व्यावहारिक कारण आहे. टाळ हे दोन्ही हातांनी वाजवायचे वाद्य. दोरीने जोडलेल्या जोडीतील एक टाळ एका हातात, दुसरा दुसऱ्या हातात. विणेकऱ्याच्या गळ्यात वीणा असते आणि दुसऱ्याच्या गळ्यात ती दिल्याखेरीज तो ती उतरवून ठेवत नाही. मृदंग वाजविणाऱ्याचे दोन्ही हात मृदंगावर. म्हणजे वही धरू शकेल असा हात उरतो तो फार तर पेटीवाल्याचा, आणि त्याचाही एक हात भात्यावर असतो. बैठ्या भजनात वही समोर मांडून ठेवता येते. आषाढी वारीच्या वाटेवर, पावसात, चालता चालता किंवा पावली खेळताना ती सोयही राहत नाही. पायांचा ठेका, टाळांचा ठेका आणि मुखातील शब्द ही तिन्ही एकाच वेळी चालवायची, तर शब्द आठवण्यासाठी वेगळे कष्ट पडता कामा नयेत.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले. या सोहळ्यातील दिंड्यांचे भजन मनास येईल तसे चालत नाही, त्याला क्रम आहे. पहाटे काकडा, मग भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगळे, गवळणी, वाटचालीचे अभंग, सायंकाळी हरिपाठ. सोमवारचे अभंग वेगळे, गुरुवारचे वेगळे, एकादशीचे वेगळे. हा क्रम धार्मिक शिस्तीचा भाग आहेच, परंतु स्मरणाच्या दृष्टीनेही तो फार उपयोगी ठरतो. आज कोणता वार, आता कोणती वेळ, एवढे कळले की पुढचा अभंग कोणता हे आपोआप कळते. घरातील वस्तू नेहमीच्या जागी ठेवल्या म्हणजे अंधारातही सापडतात, तसाच हा प्रकार आहे.

अभंगाची रचनाही स्मरणाला साहाय्य करणारी आहे. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण, त्यांत दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, तेही यमकाने बांधलेले. एक शब्द निसटला तर अक्षरांची संख्या आणि यमक मिळून त्याची जागा दाखवून देतात. एकदा या मापाची चाल गळ्यात बसली की त्याच मापाचे शेकडो अभंग त्या चालीवर म्हणता येतात. म्हणूनच वारकऱ्यांच्या भजनी मालिकेच्या पुस्तकांत स्वरलिपी नसते, नुसते शब्द असतात, आणि तरीही त्यांवर काम भागते. चाल पुस्तकात नाही, ती मंडळात बसूनच उचलायची. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, वही उघडून गाणारा माणूसही अर्धे भजन पाठच म्हणत असतो.

मान खाली गेली की

सामूहिक भजनात सर्वांनी सर्व शब्द म्हणायचे नसतात, ही गोष्ट बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. एक जण चरण म्हणतो आणि बाकीचे टाळकरी ध्रुपद धरतात. म्हणजे संपूर्ण अभंग पाठ असण्याची गरज एका वेळी एकालाच असते. इतरांना ध्रुपद हवे, आणि ते तर दोन आवर्तनांत कोणालाही पाठ होते. त्यांना शब्दांपेक्षा अधिक गरज असते ती चरण म्हणणाऱ्याकडे पाहण्याची. तो चरण पुन्हा म्हणणार आहे की ध्रुपदावर येणार आहे, लय वाढविणार आहे की चाल बदलणार आहे, हे तो तोंडाने सांगत नाही. मानेच्या झटक्यावरून, टाळ उचलण्याच्या पद्धतीवरून, मृदंगवाल्याकडे टाकलेल्या दृष्टिक्षेपावरून ते ओळखायचे असते.

दहा जणांच्या दहा माना दहा वह्यांत गेल्या म्हणजे ही सारी खूण-भाषा बंद पडते. मग चरण म्हणणारा ध्रुपदावर आला तरी निम्मे मंडळ पुढच्या ओळीवर असते. लय वाढविण्याचा प्रयत्न केला तर वाचणारे मागे राहतात, कारण डोळा शब्दावर, शब्दावरून ओळीवर आणि ओळीवरून कडव्यावर जाण्याला जो वेळ लागतो तो लयीच्या हिशेबात धरलेला नसतो. पान उलटताना टाळ थांबतो, ही तर रोजची गोष्ट. वहीवर घेतलेला आक्षेप शब्दशः घेऊ नये तो यासाठी. जाणत्या टाळकऱ्यांना कागदाचे वावडे नसते. त्यांना खुपते ती एकमेकांकडे पाहणे बंद झाल्याने भजनात येणारी मरगळ.

कीर्तनात हा फरक अधिकच स्पष्ट होतो. कीर्तनकार निरूपणाच्या ओघात एखाद्या अभंगाचे प्रमाण देतो. तो पहिले दोन-तीन शब्द उच्चारतो आणि मागे उभे असलेले टाळकरी उरलेला चरण उचलून धरतात. हे घडायला क्षणापेक्षा अधिक वेळ नसतो. गाथेची अनुक्रमणिका उघडून चरण शोधीपर्यंत कीर्तनकार पुढच्या दृष्टांतावर गेलेला असतो. गाथेतील सूची असते अकारविल्हे, अभंगाच्या पहिल्या शब्दावरून. मधला चरण आठवतो पण आरंभ आठवत नाही, अशा माणसाला ती सूची काहीच साहाय्य करीत नाही. पुस्तकातून अभंग काढण्यासाठीसुद्धा आधी थोडा तरी अभंग पाठ असावा लागतो!

स्मरण चुकते, आणि चूकही पाठ होते

येथपर्यंतचे सारे विवेचन पाठांतराच्या बाजूचे झाले. परंतु नुसत्या पाठांतराचे धोकेही परंपरेने फार पूर्वीच ओळखले होते. ज्ञानेश्वरी १२९० सालची. तिच्या प्रतींत आणि पठणात शिरलेले पाठभेद पाहून एकनाथ महाराजांनी शके १५०६, म्हणजे १५८४ साली तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुढे कोणी त्यात आपली ओवी मिसळू नये, असे त्यांनी निक्षून बजावले, यावरून तसे घडत होते हे उघड आहे.

अभंगांच्या बाबतीत तर घोटाळ्याला अधिकच वाव. सर्वांचे माप सारखे असल्याने एका अभंगाचा चरण दुसऱ्यात सहज बसतो, आणि बसला की तो चुकीचा आहे हे कानाला कळतही नाही. शेवटच्या कडव्यातील मुद्रिका बदलली की अभंगाचा कर्ताच बदलतो. ‘नामा म्हणे’ या मुद्रिकेखाली एकाहून अधिक कवींच्या रचना एकत्र झाल्या आहेत, ही गोष्ट अभ्यासकांनी मान्य केलेली आहे. तुकाराम महाराजांच्या गाथेची कथाही अशीच. मुंबई सरकारच्या चोवीस हजार रुपयांच्या साहाय्याने इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ पासून जी गाथा निघाली, तिच्या संपादकांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथील हस्तलिखिते ताडून पाहिली. त्या गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत. पुढे तुकाराम तात्या पडवळ यांनी प्रसिद्ध केलेल्या गाथेत हीच संख्या आठ हजारांच्या पलीकडे गेली. या वाढीव अभंगांतील तुकोबांचे किती आणि त्यांच्या नावावर लोकांच्या मुखात जमा झालेले किती, हा वाद आजही पूर्ण संपलेला नाही.

याहून परिचित उदाहरण गणेशोत्सवातील आरत्यांचे. घरोघरी, मंडळामंडळांत आरत्या पाठ म्हटल्या जातात, त्या अर्थाने मराठी माणसाचे सर्वांत व्यापक सामूहिक गायन तेच. आणि त्यातील चुकाही तितक्याच व्यापक. ‘फणिवरबंधना’चे ‘फळीवर वंदना’ झाले आणि ‘संकटी’चे ‘संकष्टी’. लहानपणी कानावर पडले तसे पाठ झाले, आणि एकदा पाठ झालेली चूक समोर छापील आरतीसंग्रह धरला तरी सुटत नाही. डोळा एक वाचतो, जीभ दुसरे म्हणते. दरवर्षी भाद्रपदात वृत्तपत्रांतून या चुका दाखविणारे लेख येतात आणि दरवर्षी त्या चुका जशाच्या तशा ऐकू येतात.

अर्थात स्मरणाचे हे कामकाज नेहमीच बिघाडाचे नसते. आरतीनंतर म्हटले जाणारे लोटांगणाचे पद एकाच कवीने एका बैठकीत रचलेले नाही. त्यात एक मराठी पद आणि वेगवेगळ्या काळांतील, वेगवेगळ्या ठिकाणचे संस्कृत श्लोक एकामागोमाग आले आहेत. पाठ म्हणणाऱ्या समूहाने त्यांची अशी सांधेजोड पत्करली की आज कोणाला त्यातील जोड दिसतही नाही.

तुकोबांच्या वह्या

वही आणि मुख यांचा संबंध सांगताना वारकरी मनाला पहिली आठवण होते ती इंद्रायणीत बुडविलेल्या वह्यांची. परंपरेनुसार त्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या. वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या मुखात होते म्हणून गाथा तरली, असाही या कथेचा अर्थ लावला जातो. दोन्ही अर्थ सांगणारे लोक एकाच दिंडीत चालत असतात. या कथेतली एक साधी गोष्ट मात्र दुर्लक्षित राहते. तुकोबांजवळ वह्या होत्या. परंपरा गंगाजी मवाळ आणि संताजी जगनाडे या त्यांच्या टाळकऱ्यांना त्यांचे लेखकही मानते. टाळ धरणारे हात आणि लेखणी धरणारे हात एकच होते.

कीर्तनकारांच्या घराण्यांत अशा वह्यांना ‘बाड’ म्हणत. पोथी सुट्या पानांची, पूजेची, जपून वाचायची. बाड बांधलेले, वापराचे, काखोटीला मारून गावोगाव नेण्याचे. त्यात अभंग असत, आख्यानांची टिपणे असत, आणि अनेकदा मधल्या गोष्टी सोडूनही दिलेल्या असत, कारण त्या बुवांना पाठच असत. अमेरिकेतील अभ्यासक ख्रिश्चन ली नोव्हेत्झके यांनी संत नामदेवांविषयीच्या २००८ सालच्या आपल्या ग्रंथात या बाडांचा बारकाईने विचार केला आहे. बाड हे गाण्याची जागा घेणारे पुस्तक नव्हे, ते गाण्याच्या तयारीचे साधन होय, हे त्यातून लक्षात येते. बुवा ते घरी उघडीत. फडावर ते मिटलेले असे.

वही नको म्हणणे सोपे

तरीही शहरांतील मंडळांत सरसकट वही बंद करण्याचा नियम केला तर काय होईल, याचा विचार करायला हवा. ज्याचे बालपण काकड्याच्या आवाजाने जागे होण्यात आणि सप्ताहाच्या मंडपात झोपी जाण्यात गेले, त्याला हरिपाठ शिकावा लागत नाही, तो अंगात मुरलेला असतो. मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक येथील सोसायट्यांत चाळिशी-पन्नाशीनंतर भजनाला येऊ लागलेल्या माणसाचे तसे नसते. नोकरी, संसार, प्रवास यांतून आठवड्याचे दोन तास मोकळे करून तो येतो. त्याच्या हातातील पुस्तक काढून घेणे म्हणजे त्याला दाराबाहेर बसविणेच होय. शब्द ठाऊक नसणारा मनुष्य दोन आठवडे ओठ हलवील, तिसऱ्या आठवड्यात येणार नाही.

महिला भजनी मंडळांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक महत्त्वाची. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास होते आणि स्त्रियांमध्ये तर ते त्याहून पुष्कळच कमी होते. त्या पिढीतील स्त्रियांना पाठांतरावाचून दुसरा मार्गच नव्हता. २०११ साली महाराष्ट्रातील साक्षरता ८२ टक्क्यांवर पोचली. मधल्या काळात अक्षर हाती आलेल्या स्त्रियांनी पहिल्यांदा जे स्वतःसाठी लिहिले, त्यात हिशेबाच्या वहीबरोबर भजनाची वहीही होती. दुपारच्या भजनात आजही अशा वह्या दिसतात. मोठ्या अक्षरांत उतरवून घेतलेली पदे, वर चाल म्हणून एखाद्या जुन्या चित्रपटगीताचे नाव, कोपऱ्यात ते पद कोणाकडून मिळाले त्या मैत्रिणीची आठवण. या वहीला परंपरेतील उणीव म्हणणे अन्यायाचे होईल. ती त्या बाईने मिळविलेली वस्तू आहे, आणि तिच्यात एखादे असेही पद असते जे कोणत्याच छापील मालिकेत सापडत नाही.

नुसत्या पाठांतरावर चालणाऱ्या मंडळाचा संग्रह आकसत जातो, हाही अनुभव आहे. जे सर्वांना येते तेच म्हटले जाते आणि जे म्हटले जाते तेच सर्वांना येते. साडेचार हजार अभंगांच्या गाथेतील पन्नास अभंग फिरत राहतात. वही या चक्रातून बाहेर काढते. एकाने नवीन अभंग उतरवून आणला तर तो त्याच दिवशी म्हणता येतो.

नुसत्या कागदानेही गाणे टिकत नाही, हेही तितकेच खरे. जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण बोलके आहे. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह ग्रामीण महाराष्ट्रातून एक लाखांहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्या बायांच्या पिढ्यांनी कागदावाचून जपल्या होत्या. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, पहाटेचे दळण थांबले आणि ओव्या मागे पडल्या. त्यांना कोणत्या पुस्तकाने हटविले नाही. त्या म्हणण्याचे निमित्तच गेले. पाठांतर टिकायचे तर रोजचे नाही तरी आठवड्याचे निमित्त लागते. वारी वर्षातून एकदा असते, परंतु पंधरवड्याची एकादशी, रोजचा हरिपाठ आणि गावचा सप्ताह तिच्यासाठी वर्षभर सराव करून घेत असतात.

इतर समूहांचा अनुभव

मराठीतच गाणाऱ्या इतर समूहांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला आहे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत ‘उपासना संगीत’ हा गीतसंग्रह वापरला जातो. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची अनेक पदे त्यात आहेत. उपासनेत गीताचा क्रमांक पुकारला जातो, सर्व जण पुस्तक उघडून उभे राहतात आणि एकत्र गातात. येथे पुस्तक हाती असणे हीच रीत आहे आणि ती तेथे शोभते, कारण सर्वांनी सर्व कडवी बरोबरीने म्हणायची असतात, हातांत टाळ नसतो आणि लय मध्येच बदलत नाही. ज्या टिळकांनी ही पदे रचली त्यांनीच ख्रिस्ती कीर्तनाचाही पुरस्कार केला. तेथे मात्र पुस्तकापेक्षा मुखालाच महत्त्व.

बेने इस्रायली समाजाने १८८० च्या सुमारास मराठी कीर्तनाचा स्वीकार केला. बायबलमधील कथांवर मराठी आख्याने रचली आणि ती छापली. पुढे समाजातील बहुतेक लोक इस्रायलमध्ये गेले. संगीताच्या अभ्यासक ॲना शुल्त्झ यांनी या समाजातील महिलांच्या मराठी गायनाचा अभ्यास केला आहे. छापील पुस्तके दुर्मीळ झाल्यावर त्यांतील गीते टिकली ती बायकांच्या हाताने उतरविलेल्या वह्यांत आणि त्यांच्या गळ्यात. भाषा रोजच्या वापरातून सुटत चालली असताना वही हाच आधार उरतो, असे हे उदाहरण आहे.

विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सुरू केलेली सामुदायिक प्रार्थना छापील पुस्तिकेतून गावोगाव पोचली. ती रोज ठरलेल्या वेळी म्हणायची असल्याने पुस्तिकेचे काम थोड्याच दिवसांत संपते.

हा वाद केवळ आपल्याकडचा आहे असेही नव्हे. अमेरिकेत लोकगीते एकत्र बसून म्हणणाऱ्यांच्या मेळाव्यांत ‘राइज अप सिंगिंग’ या १९८८ साली निघालेल्या संग्रहावरून असेच दोन तट पडलेले आहेत. पीटर ब्लड व ॲनी पॅटरसन यांच्या या पुस्तकात सुमारे बाराशे गाण्यांचे शब्द आहेत, साथीसाठी गिटारच्या खुणा आहेत, पण आपल्या भजनी मालिकेप्रमाणेच चाल लिहिलेली नाही. पुस्तकामुळे संकोची माणसेही गाऊ लागली, असे त्याचे चाहते म्हणतात. पुस्तक आल्यापासून लोक एकमेकांकडे पाहीनासे झाले आणि पुस्तकाबाहेरचे गाणे कोणी काढीना, अशी टीकाकारांची तक्रार आहे. आपल्याकडच्या कोणत्याही मंडळात ही वाक्ये उच्चारली तर ती परकी वाटणार नाहीत.

पंधरा वर्षे वाचूनही पाठ का होत नाही?

पुष्कळांना पडणारे कोडे असे की, एकच अभंग पंधरा वर्षे वहीत पाहून म्हटला तरी वही मिटताच तो आठवत नाही. याचे उत्तर बुद्धीच्या मंदपणात नाही. समोर शब्द असेपर्यंत मनाला तो आठवण्याची गरजच पडत नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उद्बोधक आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तो न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर विचारले तेव्हा आठवणारे पुढे गेलेले होते. स्मरण वाढते ते आठवण्याच्या खटपटीतून.

जुन्या परंपरेला हे प्रयोगावाचून कळले होते. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेथील चार वर्षांच्या शिक्षणक्रमात ग्रंथांच्या अध्ययनाबरोबर पाठांतराला मोठे स्थान आहे. संथा घ्यायची, ग्रंथ मिटायचा, म्हणायचे, अडले की पुन्हा उघडायचे. पुस्तक तेथे आहेच, परंतु ते गुरूच्या जागी आहे. अडलेल्याला पुढचा शब्द सांगून ते बाजूला होते.

घरसंसारी मंडळांना आळंदीइतका वेळ देणे शक्य नाही. त्यांतील जाणती मंडळे मधला मार्ग काढतात. हरिपाठ, नेहमीचे रूपाचे अभंग, आरती आणि पसायदान एवढे वहीवाचून म्हणायचे, बाकीचे पाहून म्हटले तरी चालेल, असा नेम अनेक ठिकाणी पाळला जातो. काही ठिकाणी वही फक्त चरण म्हणणाऱ्यापुढे, लाकडी व्यासपीठावर, मोठ्या अक्षरांत असते. इतरांनी ध्रुपदावर लक्ष द्यायचे. नवीन अभंग घेताना पहिल्या दिवशी सर्वांना कागद द्यायचा आणि तिसऱ्या आठवड्यात तो मागून घ्यायचा, ही युक्तीही चांगली चालते. मात्र कागद मागून घेणारा माणूस मंडळात सर्वांचा लाडका असावा लागतो, नाहीतर भजनाऐवजी भांडण व्हायचे. सर्वांत जुनी युक्ती म्हणजे अभंग स्वतःच्या हाताने उतरवून घेणे. छापील पुस्तक विकत घेणारा आणि वहीत लिहून काढणारा यांच्या स्मरणात महिन्याभरातच फरक दिसू लागतो.

वहीची जागा मोबाइलने

गेल्या दहा-पंधरा वर्षांत वहीची जागा मोबाइलने घेतली आहे. सोय मोठी आहे. गाथा, ज्ञानेश्वरी, हरिपाठ, आरत्या सारे एका यंत्रात, शोधायला पहिला शब्दही आठवायला नको, कोणताही शब्द चालतो. अकारविल्हे सूचीची अडचण यामुळे संपली. परंतु वहीचे दोष त्यात वाढून आले आहेत. पडदा लहान, एका वेळी दोनच कडवी दिसतात, मध्येच तो काळा पडतो, आणि दुसऱ्याला त्यात डोकावता येत नाही. वही निदान दोघांत तिघांत मिळून पाहिली जात असे. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात शुद्धलेखनाचे हाल तर असतातच, शिवाय एकाने टंकलेली चूक शंभर मंडळांत एकाच संध्याकाळी पोचते. पूर्वी पाठभेद पसरायला एक-दोन पिढ्या लागत.

२०२० साली टाळेबंदीत मंडळांनी दूरस्थ भजनाचा प्रयोग केला तेव्हा एक वेगळीच गोष्ट दिसली. शब्द सर्वांच्या समोर पडद्यावर होते, चाल सर्वांना येत होती, तरी एकत्र म्हणता येईना, कारण आवाज एका घरातून दुसऱ्या घरात पोचायला लागणारा क्षणभराचा विलंब टाळाचा ठेका मोडून टाकीत होता. शेवटी एकाने गायचे आणि इतरांनी आपापला ध्वनी बंद ठेवून घरातल्या घरात म्हणायचे, अशी तडजोड झाली. वारी पुन्हा पायी निघाली ती २०२२ साली. मधल्या दोन वर्षांत वाटचालीच्या भजनाची सवय मोडलेल्या काही दिंड्यांनी त्या वर्षी वाटेत म्हणायचे अभंग निघण्यापूर्वीच बसून पुन्हा घोकून घेतले.